माटुंग्याच्या १९३८ सालच्या इमारतीत 'मॉडर्न' काय आहे, आणि दुरुस्तीत काय वाचवायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. माटुंगा पूर्वेला एका सोसायटीची १९३८ सालची, तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आहे. गच्ची गळते, म्हणून मोठी दुरुस्ती काढली आहे. ठेकेदाराचं म्हणणं असं, की खिडक्यांवरचे लांब आडवे छज्जे सडलेत, ते पाडून टाकू. गोलाकार बाल्कन्या बंद करून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावू. आणि सगळ्यावर टेक्स्चर पेंट मारू, 'दहा वर्षं बघायला नको'. एका सभासदाचा मुलगा आर्किटेक्चर शिकतो. तो म्हणतो, ही इमारत मॉडर्निझमचा नमुना आहे, हात लावू नका. त्यावर दुसरे एक सभासद म्हणतात, मॉडर्निझम म्हणजे सजावटीला नकार. आपल्या ग्रिलमध्ये तर उगवता सूर्य आहे, भिंतीवर तीन-तीन पट्टे आहेत, मग ही मॉडर्न कसली? सेक्रेटरींनी फोटो पाठवून विचारलंय की खरं कोणाचं, कशावर पैसे घालायचे, आणि मागच्या गोल लोखंडी जिन्याचं काय करायचं.

गेली सव्वीस वर्षं मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतोय, त्यातली निम्मी दादर-माटुंगा-शिवाजी पार्क पट्ट्यातली. सरळ सांगतो: मुलगा बरोबर आहे, पण त्याला विचारलंत तर तो बहुधा चुकीचं कारण सांगेल. आणि छज्जे पाडू नका. इमारतीत मॉडर्न काय आहे हे कळलं की छज्जे का पाडायचे नाहीत हेही कळतं, म्हणून दोन्ही उत्तरं एकत्रच देतो.

सूर्याच्या जाळीचं आधी संपवू. मॉडर्निझम म्हणजे सजावटीला नकार, हे आपल्या डोक्यात बसलंय ते युरोपातल्या एका गटामुळे. व्हिएन्नाच्या अडॉल्फ लूस या वास्तुविशारदाने १९१०च्या सुमारास नक्षीकामाला जवळजवळ गुन्ह्याच्या रांगेत बसवलं. पुढे १९१९ साली जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कला आणि वास्तुकलेची शाळा निघाली, १९२६ साली डेसाऊला तिची काचेच्या भिंतींची नवी इमारत उभी राहिली, आणि पांढरी भिंत, सपाट छप्पर, लोखंडी खिडकी हा जणू गणवेशच झाला. पण त्याच काळात दुसरी एक वाट होती. १९२५ साली पॅरिसला सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं. कोनाकोनांचे आकार, कारंजी, सूर्यकिरण, बोटीसारख्या गोल कडा, असला सगळा माल तिथून जगभर गेला. गंमत म्हणजे ल कॉर्बुझिए या नव्या वाटेच्या वास्तुविशारदाचं बिनसजावटीचं दालनही त्याच प्रदर्शनात होतं. भांडणारे दोघे भाऊ एकाच जत्रेत!

या दुसऱ्या वाटेला 'आर्ट डेको' हे नाव रूढ झालं थेट १९६०च्या दशकात. तुमच्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्याने हा शब्द ऐकलाही नसणार. त्याच्या लेखी तो 'मॉडर्न' बिल्डिंग बांधत होता, घरमालकही तेच सांगून भाडेकरू मिळवत होता. तेव्हा सभासद काकांना सांगा, जाळीतला सूर्य हा मॉडर्न नसल्याचा पुरावा होत नाही. तो त्या काळच्या मॉडर्नचा पोशाख आहे. अंग कसलं होतं ते बघायला पोशाखाच्या आत जावं लागतं.

त्या अंगाची गोष्ट मुंबईत प्लेगपासून सुरू होते. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीवाटीच्या शहराबाहेर दादर-माटुंग्याला आखीव रस्ते, आखीव प्लॉट पाडले गेले. दोन इमारतींमध्ये मोकळी जागा सोडायची, प्रत्येक खोलीला उजेड-वारा मिळाला पाहिजे, हे नियम ट्रस्टने घातले. तुमच्या इमारतीच्या चारही बाजूंनी माणूस फिरू शकतो ना? गिरगावातल्या तुमच्या आजोबांच्या चाळीत तसं फिरता येत होतं का, आठवून बघा. या मोकळ्या पट्ट्यात आता स्कूटर आणि पाण्याचे पंप ठेवलेले असतात, पण मुळात ती वाऱ्याची वाट होती.

दुसरी गोष्ट आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. त्याआधीची मुंबईतली घरं म्हणजे सागवानी खांब-तुळया, किंवा वजन पेलणाऱ्या जाड भिंती. जाड भिंतीच्या इमारतीत कोपरा ही सगळ्यात जोखमीची जागा, तिथे खिडकी पाडायची कोणी हिंमत करत नसे. आरसीसीच्या सांगाड्यात वजन खांब-बीम घेतात, भिंत नुसता आडोसा उरतो. म्हणून कोपराच उघडता आला, तिथे गोल बाल्कनी बाहेर काढता आली, खांबाचा टेकू न देता. तुमच्या इमारतीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात ती गोल बाल्कनी आहे, बरोबर? लोक तिला सुंदर म्हणतात. माझ्या दृष्टीने ते त्या इमारतीचं सगळ्यात धीट इंजिनिअरिंगही आहे.

सिमेंटही याच सुमारास स्वस्त आणि देशी झालं. १९३६ साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. १९३७ साली वास्तुविशारदांच्या संस्थेने, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने, टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरवलं. मुंबईकरांनी तिथे आधुनिक दिवाणखाना, आधुनिक स्वयंपाकघर, आधुनिक न्हाणीघर रांगेत उभं राहून पाहिलं. तुमची इमारत त्याच्या पुढच्याच वर्षाची. योगायोग म्हणा हवं तर.

आता तिसरी गोष्ट, जी पुस्तकांतल्या फोटोंमध्ये कधीच दिसत नाही: संडास. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. माटुंग्याच्या या इमारतींनी तो घरात आणला. फ्लॅट म्हणजे ज्याच्या दाराच्या आत स्वयंपाकघर, मोरी, न्हाणी, संडास सगळं आहे असं घर. ही कल्पनाच तेव्हा नवी होती. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांना ती सहज पचली नाही. संडास घरात, तोही स्वयंपाकघरापासून दहा-पंधरा फुटांवर! मग नकाशात तोडगे निघाले. संडास मागच्या टोकाला, मध्ये एक बोळ किंवा छोटी बाल्कनी, आणि तिला बाहेरून लागलेला गोल लोखंडी जिना.

तुमच्याकडे तो जिना अजून आहे, फोटोत दिसतोय. तो आगीच्या वेळी उतरायला नव्हता. सफाई कामगाराने पुढच्या दारातून, घरातून न जाता संडासापर्यंत यावं आणि तसंच परत जावं, यासाठी तो होता. फ्लशची टाकी विलायती, पाइप विलायती, आणि जिना आपल्या जातिव्यवस्थेचा. मुंबईचा मॉडर्निझम मला सगळ्यात स्पष्ट दिसतो तो त्या जिन्यात. शाळेच्या सहलींना मी ओव्हल मैदानाच्या इमारती दाखवतो तेव्हा मुद्दाम मागच्या गल्लीतून नेतो.

(जिन्याचं काय करायचं ते विचारलंय. पायऱ्यांचा पत्रा चाळण झालाय, तो कोणी वापरू नये. प्लंबर लोक पाइपांच्या दुरुस्तीसाठी अशा जिन्यांचा उपयोग करतात, तेवढा भक्कम करायचा असेल तर करा, नाहीतर काढा. काढलात तर आधी नीट फोटो आणि मापं घ्या, आणि तो कशासाठी होता हे सोसायटीच्या दप्तरात लिहून ठेवा.)

आणि चौथी गोष्ट ऊन-पावसाची. इथे तुमच्या छज्ज्यांवर येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

युरोपातला पांढरा सपाट डबा मुंबईत आणून ठेवला तर पहिल्याच आषाढात त्याची कळा जाईल. युरोपातही काही बरं चाललं नव्हतं. पॅरिसजवळ पॉइसीला ल कॉर्बुझिएने बांधलेला व्हिला सावॉय जगातल्या प्रत्येक आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. त्या घराची मालकीण १९३०च्या दशकात त्याला घर गळतंय म्हणून पत्रांवर पत्रं लिहीत होती. गच्ची गळण्याची तक्रार तुमच्याच सोसायटीची आहे असं समजू नका, मोठ्या घराण्यातला आजार आहे तो.

जिथे ऊन कडक तिथे या शैलीला बदलावंच लागलं. तेल अवीवला जर्मनीतून आलेल्या वास्तुविशारदांनी लांब काचेच्या खिडकीच्या जागी लांब, अरुंद, सावलीतली बाल्कनी काढली. मुंबईत झालं ते असं, की प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या डोक्यावरून इमारतीच्या अंगाभोवती एक सलग छज्जा फिरवला. आमच्या धंद्यात त्याला 'आयब्रो' म्हणतात, भुवई. नाव चपखल आहे. भुवई घाम डोळ्यांत जाऊ देत नाही, छज्जा पागोळ्यांचं पाणी खिडकीत येऊ देत नाही. दूरून बघणाऱ्याला तो वेगाचा, आगबोटीचा आडवा पट्टा वाटतो. आतल्या माणसाला त्याच्यामुळे जुलै महिन्यात खिडकी उघडी ठेवता येते. एकच अवयव शोभा आणि काम दोन्ही करतो, आणि यालाच मी मॉडर्न म्हणतो.

असा छज्जा एकदा हातात घेऊन बघा, म्हणजे मिस्त्रीला खालून हातोडीने टिचक्या मारायला सांगून तुम्ही शिडीवर चढा. मुळाशी चार इंच जाड, कडेला अडीच-तीन इंच. वरच्या अंगाला किंचित उतार, पाणी बाहेर जायला. खालच्या अंगाला कडेपासून इंच-दीड इंच आत अर्ध्या इंचाची एक खाच सबंध लांबीभर गेलेली. ही खाच महत्त्वाची. वरून आलेलं पाणी कडेवरून वळून खालच्या पोटाला चिकटत भिंतीकडे यायला बघतं. खाचेशी ते अडतं आणि थेंब होऊन पडतं. बहुतेक इमारतींत ही खाच गेल्या सत्तर वर्षांत प्रत्येक रंगाच्या वेळी पुट्टी आणि रंग भरून बुजलेली असते. मग पाणी पोटावरून सरळ भिंतीत, भिंतीतून सळईकडे. तुमच्या ठेकेदाराने 'छज्जे सडले' म्हटलं ते खरं असेल, पण सडण्याचं निम्मं कारण त्या बुजलेल्या खाचेत आहे. छज्जे पाडलेत तर तेच पाणी आता थेट खिडकीच्या चौकटीत येईल, आणि तुम्ही प्रत्येक खिडकीवर प्लास्टिकची किंवा पत्र्याची झापं लावत बसाल. शेजारपाजारच्या इमारती बघा, ती झापं दिसतीलच.

आता सडणं म्हणजे काय. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याच्या कुशीत लोखंड सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो आणि तो अल्कधर्म उतरत जातो. उतरण सळईपर्यंत पोचली आणि तिथे ओल असली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो वरचं काँक्रीट फोडून बाहेर पडतो. पोपडा पडतो तो असा. समुद्राच्या हवेतला खार हे सगळं आणखी लवकर करतो. १९३०च्या दशकात सळईवरचं काँक्रीटचं आवरण पाऊण इंच, कुठे कुठे अर्धाच इंच ठेवलेलं सापडतं. तरीही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं टिकलं, कारण तेव्हाच्या गुळगुळीत गोल सळया आणि हाताने नीट ठासलेलं काँक्रीट. माझ्या अनुभवात १९७०-८०च्या पिळाच्या सळयांच्या इमारती याहून वाईट अवस्थेत असतात. तुमची इमारत जुनी म्हणून आपोआप मोडकी, हा हिशेब करू नका.

ठेकेदाराला एक चाचणी करायला सांगा, फार स्वस्त आहे. छज्ज्याचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारायचं. जिथे अल्कधर्म शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, जिथे उतरलाय तिथे रंग येत नाही. पट्टीने मोजा. रंग न येणारा थर सळईच्या अलीकडे थांबत असेल तर त्या भागाला नुसता चांगला लेप आणि पाण्याचा बंदोबस्त पुरेल. सळईच्या पलीकडे गेला असेल तर तिथे उघडून काम करायचं. मी हे सभासदांसमोर करतो. आकडे सांगून जे पटत नाही ते गुलाबी डाग बघून पटतं.

उघडून काम करायचं म्हणजे काय तेही लिहून घ्या, कारण इथेच फसवणूक होते. आधी खालून टेकू. मग सुटं काँक्रीट काढायचं, तेही सळईच्या मागे बोट जाईल इतकं. सळई घासून चकचकीत करायची आणि जाडी मोजायची. पाव भागाच्या आसपास जाडी गेली असेल तर जोडीला नवी सळई. गंजरोधक लेप, मग जुनं-नवं सांधणारा लेप, मग पॉलिमर घातलेला मसाला थराथराने, आणि त्यावर ओलं गोणपाट. शेवटची गोष्ट कोणी करत नाही. माणूस कमी पडतो, उन्हात मसाला भाजून निघतो, आणि तिसऱ्या वर्षी तिथेच टवका पडतो.

छज्ज्याच्या बाबतीत एक खास धोका आहे. छज्जा आणि गोल बाल्कनी या एका बाजूने धरलेल्या, दुसरीकडून अधांतरी अशा वस्तू आहेत. त्यांचं जिवंत लोखंड, म्हणजे ताण घेणाऱ्या सळया, वरच्या अंगाला असतं, खाली नाही. दादरच्या एका इमारतीत ठेकेदाराने छज्जे 'मजबूत' करायला पोटाखालून जाळी आणि दोन इंच मसाला चढवला होता. वजन वाढलं, ताकद तसूभरही वाढली नाही, आणि वरची गंजलेली सळई कोणी उघडून पाहिलीच नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुळाशी बोट जाईल एवढी चीर. मला बोलावलं तेव्हा सात मीटर छज्जा पाडावा लागला. नशिबाने त्याआधी कोणाच्या डोक्यात पडला नाही. तेव्हा छज्ज्याची आणि बाल्कनीची तपासणी वरून, प्लास्टर काढून. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तसं लेखी घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली तसंही स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं, तो अहवाल दुरुस्तीच्या कामाला जोडून घ्या.

जिथे छज्जा खरोखरच गेला असेल तिथे तो पाडा, पण त्याच मापाचा, त्याच कडेचा, खाचेसकट परत घाला.

गच्ची. वर कोब्याचे, म्हणजे पाणी अडवायला घातलेल्या जाड थराचे, किती थर आहेत ते कोपऱ्यात उकरून बघा. मला एका ठिकाणी एकावर एक तीन कोबे सापडले, मिळून फूटभर जाड. प्रत्येक पिढीने गळती थांबवायला आपला थर चढवला होता, आणि १९३०च्या दशकातला तो स्लॅब मुकाट्याने हत्ती पेलत होता. नवा थर घालण्याआधी जुने काढा, उतार नळ्यांकडे नीट द्या, कठड्याच्या पायाशी वाटा, म्हणजे गच्ची आणि कठड्याचा सांधा, गोल घ्या. 'वर पत्र्याची शेड टाकू' हा सल्ला तुम्हाला मिळणारच. मला शेड आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू, काही इमारतींचं आयुष्य तिने वाढवलंय.

टेक्स्चर पेंट नको. त्या काळच्या प्लास्टरमध्ये बहुधा चुना असतो, भिंत ओल घेते आणि सोडते. बाहेरून रबरी कातडं चढवलं की आतली ओल आतच राहते, फुगे धरतात, आणि फुगा फोडला की प्लास्टरही हातात येतं. तुमच्या दर्शनी भागावर ग्रिट प्लास्टर आहे, दगडाची बारीक खडी उघडी दिसणारं. त्याला रंगाची गरजच नव्हती, तो त्याचा मोठेपणा. धुऊन, फुटलेल्या जागी जुळणारी खडी शोधून भरा. जुळवायला चार-पाच नमुने करून उन्हात वाळवून बघावे लागतील, त्याचा वेळ धरा.

बाल्कन्या बंद करण्याबद्दल माझं मत कडक आहे आणि ते तुमच्या सभेत लोकप्रिय होणार नाही. ती गोल बाल्कनी आणि मागचा संडासाकडचा बोळ यांच्यामध्ये घराच्या आरपार वारा वाहतो. पुढचं तोंड काचेने बंद केलं की तो थांबतो, आणि मग दर खोलीला एसी लागतो. त्या एसीचा बाहेरचा डबा कुठे टांगणार? छज्ज्यावर! ज्याने बाल्कनी आधीच बंद केली आहे त्याच्याशी भांडू नका, जमत नाही ते. निदान सगळ्यांनी एका उंचीवर, एका रंगात, कठड्याच्या आतल्या रेषेत बंद करावी, आणि कठड्याला हात लावू नये. सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते हेही लक्षात घ्या. तुमच्या जुन्या सागवानी खिडक्यांची झडप पूर्ण उघडते, आणि वरची छोटी झडप गरम हवा बाहेर घालवते. दहा-अकरा फूट उंच खोलीला त्या वरच्या झडपेचाच खरा आधार. बिजागऱ्या बदला, कुजलेला खालचा आडवा तुकडा बदला. अख्खी खिडकी फेकण्याइतकं सागवान सहसा कुजलेलं नसतं.

तर यादी अशी झाली: छज्जे, बाल्कन्या, आरपार वारा, भोवतीची मोकळी जागा, झडपांच्या खिडक्या. हे वाचलं तर १९३८ सालचं मॉडर्न वाचलं. सूर्याची जाळी, जिन्यातली मोझॅकची फरशी, भिंतीवरचे तीन पट्टे हे त्याच्या पाठोपाठ. जाळी लोखंडाची आहे, खरवडून रंगवली की झालं. पट्टे मिस्त्रीने फळी धरून पुन्हा ओढायला एक दिवस लागतो. त्यासाठी मी कोणाशी भांडत नाही.

मुलाला एक गोष्ट सांगा, कारण त्याला पुढे उपयोगी पडेल. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आणि मरीन ड्राइव्हची रांग २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेली, समोरच्या हायकोर्ट-राजाबाई टॉवरच्या गॉथिक रांगेसकट. सगळे तिथे फोटो काढायला जातात, त्यानेही जावं. मरीन ड्राइव्हवरच्या सूना महालाच्या कोपऱ्याशी जरा उभं राहावं. १९३७ सालची ती इमारत वास्तुविशारद गजानन बाबूराव म्हात्रे यांची. आपल्या इथे कॉर्बुझिए पाठ असलेल्या दहा जणांत म्हात्र्यांचं नाव ठाऊक असलेला एखादाच निघतो, याची मला खंत आहे. फोटोत सूना महालचा मनोरा आणि रंग दिसतात. उभं राहून बघितलं तर कोपरा कसा वळवलाय, दोन रस्त्यांच्या दोन बाजू छज्ज्याच्या एका रेषेत कशा बांधल्यात, आणि समुद्राचा वारा घेण्यासाठी बाल्कन्या कुठे काढल्यात ते कळतं. घरी येऊन आपल्या इमारतीकडे बघितलं की तेच व्याकरण कमी पैशात लिहिलेलं दिसेल.

आणि हे व्याकरण १९४७ साली संपलं नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पेडर रोडजवळ कांचनजंगा ही २८ मजली इमारत पूर्ण केली. तिच्या कोपऱ्यात दोन मजली उंच गच्च्या कोरून काढल्या आहेत. पश्चिमेचा वारा तर हवा, पण पश्चिमेचंच ऊन आणि पाऊस नको, हा माटुंग्याचाच प्रश्न तिथे आभाळात नेऊन सोडवला आहे. इमारत खाली खांबांवर उचलण्याची कॉर्बुझिएची कल्पनाही मुंबईत घरोघर पोचली, मात्र तिचं आपण स्टिल्ट पार्किंग केलं. त्याबद्दल इथे न बोललेलं बरं.

सोसायटीचं नाव पालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे काम सुरू करण्याआधी वॉर्डात तपासा. असेल तर बाहेरच्या बदलांना वेगळी परवानगी लागेल. नसेल तर निर्णय सर्वस्वी तुमच्या सभेचा आहे.

परांची बांधण्याआधी एक काम मात्र उद्याच करा. दारावर इमारतीचं नाव प्लास्टरमध्ये उठावाने घडवलेलं आहे, वर देवनागरी आणि खाली गुजराती. अक्षरांच्या कडा बघा, शिरोरेषा केवढी जाड ठेवलीय आणि 'ल'चं पोट कसं कंपासने काढल्यासारखं गोल आहे. हा कुठल्याही छापखान्याचा टाइप नाही, कोणा मिस्त्रीने त्या भिंतीसाठी हाताने काढलेला आहे. परांची बांधताना पहिला घाव बसतो तो दारावर. मोठा बटर पेपर लावून पेन्सिलने अक्षरांचा ठसा घ्या, खोली मोजून बाजूला लिहा, आणि गुंडाळी कमिटीच्या कपाटात ठेवा. ठेकेदाराकडे देऊ नका, तो हरवतो.